झोमोचे शिपाई तुरुंगातून आणले नव्हते

समाजवादी पोलंडबद्दलचा एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: 1981 मध्ये जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा लावला आणि लोकांना बडवायला ‘झोमो’ नावाचं दल उभं केलं. त्यात तुरुंगातून सोडलेले गुन्हेगार आणि अनाथाश्रमातली पोरं भरली. रस्त्यावर उतरवण्याआधी त्यांना नशेच्या गोळ्या दिल्या जात. त्या काळातले सगळे राजकीय खून त्यांनीच केले. 1989 मध्ये राजवट गेली, झोमो नामशेष झालं आणि दोषी तुरुंगात गेले.

मजकूर झोमोला शिव्या घालतो, म्हणून तो खरा असेल असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात तो झोमोच्या मालकांना फार स्वस्तात सोडतो.

पहिली गोष्ट सालाची. झोमो यारुझेल्स्कींनी उभं केलं नाही. 28 जून 1956 रोजी पोझनानच्या कारखान्यांतले कामगार रस्त्यावर आले, तेव्हा सरकारकडे त्यांना आवरायला थेट सैन्य होतं. रणगाडे शहरात शिरले आणि पन्नासहून अधिक माणसं मेली. भाकरीसाठी ओरडणाऱ्या कामगारांवर ‘कामगारांच्या राज्या’चे रणगाडे, हे दृश्य सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाला जगात तोंड दाखवू देईना. त्यातून त्याच वर्षी 24 डिसेंबरला, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी, झोमोचा जन्म झाला: नागरी मिलिशियाची मोटारींवरची राखीव पथकं. (मिलिशिया हे तिथल्या साध्या पोलिसांचंच नाव.) आपल्याकडे दंगल उसळली की ‘एसआरपी मागवा’ म्हणतात, कामाचं स्वरूप साधारण तेच. बराकीत राहायचं, हुकूम आला की गाड्यांत बसून दुसऱ्या गावी जायचं. तेव्हा सत्तेवर होते पक्षाचे नवे प्रमुख गोमुल्का, ज्यांच्याकडे त्या शरद ऋतूत अख्खा देश सुधारक म्हणून आशेने पाहत होता. मजकुरात हे नाव येत नाही, कारण खलनायक एकच ठेवला की गोष्ट सोपी होते.

आता गुन्हेगार आणि गोळ्या. ही अफवा इथली नव्हे, खुद्द पोलंडमध्ये ऐंशीच्या दशकात रांगेत उभे राहणारे लोक ती एकमेकांना सांगत. ती का पसरली हे कळतं. आपल्याच भाषेत बोलणारा विशीतला पोरगा एखाद्या म्हातारीच्या पाठीत दंडुका घालतो, हे पचायला जड जातं. तो नशेत असेल, तो आपला नसेलच, असं म्हटलं की बरं वाटतं. पण भरतीची खरी रीत याहून फार नीरस होती. पोलंडमध्ये लष्करी सेवा सक्तीची होती आणि झोमोतली नोकरी तिच्या बदल्यात धरली जाई. बाकीचे पगारी शिपाई. खेड्यातल्या, लहान गावांतल्या पोरांना पगार आणि पुढेमागे घर मिळण्याची आशा, एवढं आमिष पुरे होई. त्यावर बराकीतलं एकाकी आयुष्य आणि समोरचे लोक देशाचे शत्रू आहेत हे रोजचं पढवणं.

नशेच्या गोळ्यांच्या कथेला सर्वांत मोठा धक्का वुयेक खाणीच्या खटल्यातून बसतो. 16 डिसेंबर 1981, कातोवित्से शहर. सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार युनियनच्या स्थानिक पुढाऱ्याला अटक झाली म्हणून खाणकामगार संपावर बसले होते. रणगाड्यांनी भिंत फोडली, झोमो आत शिरलं आणि त्याच्या विशेष प्लाटूनने गोळीबार केला. नऊ कामगार मेले. ही प्लाटून सक्तीच्या भरतीतल्या पोरांची नव्हती, निवडून तयार केलेल्या पगारी शिपायांची होती. एक दिवस आधी दुसऱ्या एका खाणीत, मानिफेस्ट लिप्तसोवीत, तिनेच गोळ्या झाडून कामगार जखमी केले होते. लष्करी वकिलाने जानेवारी 1982 मध्ये ‘स्वसंरक्षण’ म्हणून प्रकरण मिटवलं. मात्र त्याच वर्षी या प्लाटूनचे लोक तात्रा पर्वतात गिर्यारोहण शिकायला गेले आणि त्यांनी आपल्या प्रशिक्षकांना खाणीतली हकीकत सांगितली. प्रशिक्षकांनी ती लिहून ठेवली, आणि पुढे ती न्यायालयात पुरावा म्हणून आली. माणसं शुद्धीवर होती, काय केलं ते त्यांना आठवत होतं. न्यायालयात त्यांच्या बचावाचा सूर ‘हवेत गोळ्या झाडल्या, जीव वाचवायला झाडल्या’ असा होता. औषध देऊन पाठवलं असतं, तर आरोपीला याहून सोयीचा बचाव कुठला?

‘सगळे खून झोमोचे’ हेही चूक. फादर पोपिएउश्को यांना ऑक्टोबर 1984 मध्ये गुप्त पोलीस खात्याच्या अधिकाऱ्यांनी मारलं. क्राकोव्ह शहरातल्या नोव्हा हुता भागात 1982 साली बोग्दान व्होसिक या तरुण कामगाराला गोळी घालणाराही त्याच खात्याचा. 1970 च्या डिसेंबरात बाल्टिक किनाऱ्यावर चाळीसहून अधिक माणसं मेली, तिथे बंदुका सैन्याच्याही होत्या. सगळं झोमोच्या माथी मारलं की साध्या वेशातले अधिकारी आणि गणवेशातलं सैन्य दोघंही सुटतात.

झोमोचं रोजचं हत्यार बंदूक नव्हे, दंडुका, अश्रुधूर आणि पाण्याचा मारा. 25 जून 1976 ला भाववाढीविरुद्ध रादोममध्ये दंगा झाला, तेव्हा पकडलेल्यांना दंडुके घेतलेल्या शिपायांच्या दोन रांगांमधून पळवलं गेलं. याला ‘आरोग्याची वाट’ म्हणत! त्या मार खाल्लेल्या, नोकरी गेलेल्या कामगारांच्या मदतीसाठी सप्टेंबरमध्ये काही बुद्धिजीवींनी कामगार संरक्षण समिती काढली, आणि चार वर्षांनी सॉलिडॅरिटी उभी राहिली तेव्हा तिला सल्लागार याच वर्तुळातून मिळाले.

राहिला शेवट. सप्टेंबर 1989 मध्ये झोमो कागदावर संपलं हे खरं. पथकं मिलिशियाची ‘प्रतिबंधक पथकं’ झाली आणि 1990 चा पोलीस कायदा आल्यावर पोलिसांची. राजवट बदलल्यावर ज्यांची माणूस-माणूस छाननी झाली, ते गुप्त पोलीस. झोमोचे शिपाई तिच्या कक्षेत नव्हते. वुयेकचा खटला 1993 मध्ये सुरू होऊन पुन्हापुन्हा चालला. प्लाटूनच्या प्रमुखाला 2007 मध्ये अकरा वर्षांची शिक्षा झाली, अपिलात ती सहावर आली. 1981 मध्ये गृहमंत्री असलेले जनरल किश्चाक वुयेकच्या प्रकरणात 2011 मध्ये निर्दोष सुटले.