पाणी घालू नको

ह्यूस्टनला येऊन अकरा वर्षं झाली, तरी बेळगावच्या बातम्या वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. 2024 ला कर्नाटकाने फलकांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं केलं, तेव्हापासून पाट्यांचा वाद पुन्हा तापलाय. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मी बाबांच्या खांद्यावर बसून गेलोय. मराठी पाटीची मागणी मला आजही रास्तच वाटते. पण या सगळ्यात एक पाटी कुणीच मागत नाही: शेडमधल्या ॲसिडच्या कॅनवरची.

शिकत असताना मी बेळगावच्या उद्यमबागेत एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या, शेडमध्ये कामाला होतो. बिहारचा एक पोरगा नवीन आला होता. टबात सल्फ्युरिक ॲसिड आधीच ओतलेलं, आणि हा पाण्याची बादली घेऊन उभा. ॲसिडात पाणी पडलं की क्षणात उकळून अंगावर उडतं; आधी पाणी घ्यायचं, मग त्यात ॲसिड सावकाश सोडायचं. आमचे फोरमन लांबून ओरडले, "पाणी घालू नको!" त्याला कळलं एवढंच, पाणी. त्याने बादली उपडी केली. मानेवर, हातावर शिंतोडे उडाले. कुणी म्हणालं हळद लाव, कुणी टूथपेस्ट आणायला धावलं. भाजलेली जागा वाहत्या नळाखाली धरा म्हणणारं कुणी नव्हतं. मीही नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

इथे माझं काम घातक कचऱ्याच्या जागा साफ करायचं. पहिल्यांदा आत पाऊल टाकण्याआधी 40 तासांचं प्रशिक्षण, मग तीन दिवस जाणत्या माणसाच्या नजरेखाली काम, आणि पुढे दरवर्षी आठ तासांची उजळणी. मास्क नीट बसलाय का बघायला केळ्यासारखा वास असलेलं रसायन सोडतात. वास आला तर मास्क पुन्हा बसवायचा. माझ्या शेजारचे निम्मे लोक मेक्सिकोचे, त्यांचा वर्ग स्पॅनिशमध्ये. कामगाराला समजेल त्या भाषेतच शिकवायचं, आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात नुसता कागद द्यायचा नाही, हे इथल्या सरकारने 2010 ला लेखी बजावलंय. इथेही सगळं आलबेल नाही. 2013 ला याच टेक्सासात खताच्या गोदामाचा स्फोट होऊन 15 माणसं गेली, त्यात बरेचसे आग विझवायला धावलेले होते.

आपल्याकडेही भोपाळनंतर, 1987 ला, माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क कामगाराला कारखाना कायद्याने दिला. पण आमच्या शेडमध्ये तो कुणाला ठाऊकच नव्हता. मराठीसाठी आणि कन्नडसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांनी यासाठी एकदा एकत्र कारखान्याच्या दारात जावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या महिन्यात चुलतभावाला फोन केला, त्याची बेळगावजवळ मच्छ्याला छोटी शेड आहे. कॅनवर मराठी, कन्नड, हिंदीत लिही म्हटलं. तो म्हणाला, दोन पोरं ओडिशाची आहेत, त्यांना यातलं काहीच वाचता येत नाही. मग रोज सकाळी त्यांच्याकडून हाताने करवून घे, म्हटलं. आधी पाणी, मग ॲसिड.