लाल थरावरचा तो ‘तीन दिवसांचा उपाय’

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये वाळूवर लाल, चिकट थर दिसला की एक सल्ला हमखास मिळतो: ‘हे लाल शेवाळ आहे. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टाका, तीन दिवस दिवे बंद ठेवा, नायट्रेट-फॉस्फेट ही पाण्यातली पोषकद्रव्यं शून्यावर आणा. पुन्हा येणार नाही.’ यातलं शेवटचं पाऊल तर सरळ घातक आहे.

मुळात ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत. सायनोबॅक्टेरिया म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू. लाल छटा फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याची. जीवाणू असल्यामुळेच अँटिबायोटिक त्यांच्यावर चालतं, हिरव्या केसाळ शेवाळावर चालत नाही. पण टँकचं जैविक फिल्टरेशनही, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवण्याचं काम, जीवाणूंच्याच जिवावर चालतं आणि औषधाचा फटका त्यांनाही बसू शकतो. त्यात मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. औषध द्यायचंच असेल तर आधी थर सायफनने ओढून काढा, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा आणि अमोनिया रोज तपासा.

अंधाराने थर विरतो, हे खरं. त्याला पोसणारी द्रव्यं मात्र पाण्यातच राहतात, त्यामुळे दिवे लागले की तो परत येतो.

आता त्या शून्याबद्दल. काही सायनोबॅक्टेरिया पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायू थेट वापरतात, त्यामुळे नायट्रेट संपल्याने त्यांचं फारसं अडत नाही. उपाशी राहतात ती प्रवाळं. आणि पोषकद्रव्यं अशी संपलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय जीव माजतात: बुडबुडे अडकलेले, तपकिरी, बुळबुळीत धागे. त्यातल्या ऑस्ट्रिऑप्सिस या प्रकाराच्या विषाने गोगलगायी मरतात. लाल थर घालवायला निघालेल्या माणसाच्या पदरी हे येतं, याचा मला खरंच राग येतो. शिवाय टेस्ट किटवरचं शून्य फसवंही असतं. टँकमधलं इतर शेवाळच नायट्रेट शोषत असेल तर पाण्यात ते दिसणार कुठून?

म्हणून आधी थराचा थेंब मायक्रोस्कोपखाली पाहा. लांब धागे दिसले तर सायनो, हलणाऱ्या सुट्या पेशी दिसल्या तर बहुधा डायनो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात उतरतो, त्यामुळे यूव्ही (पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणारं यंत्र) त्याच्यावर चालतो. अँफिडिनियम हा दुसरा डायनो वाळूतच राहतो. त्याच्यावर यूव्हीचा खर्च वाया.

सायनोच ठरला तर वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) फिरवून पाणी साचणारे कोपरे हलते करा, आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य आहे ना ते बघा आणि माशांचं खाणं कमी टाका. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास राहू द्या आणि आठवड्यातून एकदा थर ओढून काढत राहा. याला आठवडे लागतात.