हॉकेन घराण्याची फिरणारी गोष्ट आणि त्यातले घोळ

ती पोस्ट तुमच्याकडेही आली असेलच, अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीवरची ती प्रसिद्ध ठासणीची हॉकेन रायफल आणि ती बनवणारं घराणं. म्हणणं थोडक्यात असं की हॉकेन हे सेंट लुईसचे अडाणी लोहार, आडनाव मूळचं वेगळं पण एलिस आयलंड या न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या साहेबाने बदललं, दोघा भावांनी रानात बसून स्वतःच्या डोक्याने ही बंदूक काढली, केंटकीत वाट काढणाऱ्या प्रसिद्ध शिकारी डॅनियल बूनच्या हातात हीच होती आणि रॉकी पर्वतातल्या प्रत्येक शिकाऱ्याकडे हॉकेनच असायची. वाचायला झकास आहे हो, पण तपासायला बसलं की एकेक वीट निसटायला लागते.

आधी एलिस आयलंड घेऊ, कारण ते सगळ्यात सोपं. ते केंद्र सुरू झालं 1892 मध्ये. धाकटा सॅम्युअल हॉकेन वारला 1884 ला, थोरला जेकब त्याच्याही 35 वर्षं आधी, आणि दोघंही मुळात अमेरिकेतच, मेरीलँडमधल्या हेगर्सटाउनला जन्मलेले, जेकब 1786 चा, सॅम्युअल 1792 चा. आणि एलिस आयलंडवर तरी नावं कोण बदलत होतं? तिथले कारकून जहाजाची यादी समोर ठेवून माणसं तपासायचे आणि ती यादी निघायच्या बंदरातच तयार झालेली असायची. मग स्पेलिंगं बदलली कशी, तर हळूहळू आणि कुणी न ठरवता. हॉकेन हे मूळचं जर्मन घराणं, आणि 18व्या शतकात जर्मन बोलणारी बहुतेक मंडळी फिलाडेल्फियाला उतरायची, 1727 पासून तिथे परदेशी पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ घ्यायचे आणि त्या याद्या आजही बघायला मिळतात. ज्याला लिहिता येतं तो जर्मन वळणाची सही करणार, ज्याला येत नाही तो खूण करणार आणि त्याचं नाव इंग्रज कारकून कानाला लागेल तसं लिहिणार. पुढे चर्चमधला जर्मन पाद्री एक लिहितो, कोर्टातला कारकून दुसरं, करवसुलीवाला तिसरं. त्यात जर्मन घरांत चारपाच भावांची पहिली नावं सगळीच योहान, हाक मारायची दुसऱ्या नावाने, म्हणजे एकच स्पेलिंग धरून बसणारा माणूस पहिल्याच पिढीत रस्ता चुकणार.

'अडाणी लोहार' हे तर अन्यायच आहे. वडील ख्रिश्चन हॉकेन स्वतः हेगर्सटाउनला बंदुका बनवायचे, आणि ते गावच मुळी योनाथन हेगर नावाच्या जर्मन माणसाने वसवलेलं, आसपास जर्मन कारागीर भरपूर. जेकब नंतर हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात कामाला होता, म्हणजे शिकलेला, तयार हात. तो मिसूरीला पोचला 1818 च्या सुमारास. सॅम्युअल 1812 च्या युद्धात लढला, मग ओहायोतल्या झीनियाला राहिला आणि 1822 मध्ये सेंट लुईसला आला. रान वगैरे काही नाही, मिसिसिपीकाठचं चांगलं व्यापारी गाव होतं ते, पश्चिमेला जाणारा प्रत्येक जण तिथूनच सामान भरायचा, त्यामुळे पर्वतातून परत आलेला माणूस दुकानात उभा राहून काय मोडलं, काय जड पडलं ते तोंडावर सांगायचा.

बंदूक बघा ना स्वतःच. नळी जाड आणि जड, वजन बऱ्याचदा 10-12 पौंड, लाकडी दस्ता नळीच्या अर्ध्यापर्यंतच. दोन पाचरी ठोकून बाहेर काढल्या की नळी मागच्या आकड्यातून उचलून सरळ हातात येते, धुऊन पुसून परत बसवा. चाप दोन, मागचा ओढून ठेवला की पुढच्याला नुसतं बोट लागलं तरी बार उडतो. पण अर्ध्या दस्त्याची रायफल हार्पर्स फेरीला 1803 च्या मॉडेलपासून बनतच होती, आकड्याची नळी इंग्रजी शिकारी बंदुकांत होती, दोन चाप जर्मन कारागिरांना पाठ होते. भावांचं कौशल्य हे सगळं एकत्र आणून दणकट बांधण्यात आहे, आणि माझ्या मते ते काही कमी नाही.

बूनचं काय? तो 1769 मध्ये केंटकीत शिरला तेव्हा जेकब जन्मायलाच अजून 17 वर्षं होती. बून 1820 ला गेला, पंचाऐंशीचा म्हातारा. संपला विषय.

प्रत्येकाकडे हॉकेन, हे मात्र लोकांना सोडवत नाही. अहो, फरचा धंदा जोरात होता तेव्हा कंपन्या घाऊक रायफली पेनसिल्व्हेनियातून मागवायच्या, अमेरिकन फर कंपनीला हेन्री घराण्याच्या बोल्टनच्या कारखान्यातून माल यायचा. हॉकेनचं दुकान लहान आणि माल महाग. किट कार्सन आणि जिम ब्रिजर या पश्चिमेतल्या नामांकित शिकारी-वाटाड्यांची हॉकेन आजही जपून ठेवलेली आहे हे खरंच, पण नावाजलेल्या माणसाची बंदूक लोक जपतात, साध्या गड्याची स्वस्तातली कधीच भंगारात गेली. त्यात 1970 पासून 'हॉकेन' नावाने विकली गेलेली पितळी साजाची, म्हणजे दस्त्यावरचे धातूचे भाग पितळेचे असलेली, नक्कल बघून लोकांचा गोंधळ अजूनच वाढलाय, जुन्या अस्सल हॉकेनवर सहसा लोखंडी साज असतो.

आणि नळीवर 'एस. हॉकेन' शिक्का आहे म्हणून 'सॅम्युअलने स्वतः बनवली' असं लगेच लिहू नका. जेकब 1849 मध्ये पटकीने गेला, सॅम्युअल 1859 ला डेन्व्हरला निघाला, आणि 1862 मध्ये दुकान घेतलेल्या गेमर नावाच्या कारागिराने तो शिक्का पुढेही वापरला.

शेवटचं, वंशावळ काढणाऱ्यांसाठी. अमेरिकेच्या जनगणनेत घरातल्या सगळ्या स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसांची नावं, वयं आणि जन्मस्थळं पहिल्यांदा आली 1850 मध्ये, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे नुसते आकडे. 1850 ला मृतांची वेगळी यादीही केली होती, पण ती 1 जून 1849 नंतरच्या मृत्यूंची, आणि जेकब गेला मे महिन्यात. त्यामुळे त्याच्यासाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जमिनीचे कागद, मृत्युपत्रं हेच चाळावं लागतं. 1850 च्या जनगणनेचा हवाला देऊन कुणी हा बंदूकवाला जेकब हॉकेन दाखवत असेल तर तो जेकब दुसराच कुणीतरी आहे.