अपील केलं की शिक्षा वाढते म्हणे!

मावशीचा फोन रात्री साडेदहाला. "अरे, वकिलाला सांग, अपील नको. ग्रुपवर आलंय, वरच्या कोर्टात गेलं की दोनाची चार वर्षं होतात." बांधावरच्या मारामारीत मावसभावाला तालुक्याच्या कोर्टाने दोन वर्षं ठोठावलीत. सत्र न्यायालयात अपील करायला मुदत ३० दिवसांची, त्यातले २४ गेलेले. आणि ही बाई मेसेज वाचून दाखवतेय!

मेसेजात चार मुद्दे. पहिलाच सगळ्यात घातक: 'आरोपीने अपील केलं तर कोर्ट शिक्षा वाढवतं, गप्प बसलेलं बरं.' अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४२७ उघडून बघा (१ जुलै २०२४ च्या आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३८६ होतं). दोषी ठरलेल्याच्या अपिलात कोर्ट त्याला सोडू शकतं, फेरखटल्याचा हुकूम देऊ शकतं, शिक्षेचं स्वरूप किंवा प्रमाण बदलू शकतं. पण वाढवू शकत नाही. तसं स्पष्ट लिहिलंय तिथे.

बरं, अर्धं खरं आहे तेही सांगतो. शिक्षा कमी पडली असं सरकारला वाटलं, तर सरकार कलम ४१८ खाली वेगळं अपील करतं आणि त्यात शिक्षा वाढू शकते. पण आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय नाही; आणि त्याच सुनावणीत आरोपी 'मला निर्दोष सोडा' असंही मागू शकतो. मुख्य म्हणजे हे अपील करायला सरकार तुमच्या अपिलाची वाट बघत नाही. मग गप्प बसून वाचलं काय? उलट आमच्या भावाची शिक्षा मॅजिस्ट्रेटने थांबवलीय ती अपील दाखल करण्यापुरती. मुदत गेली की थेट आत.

'साक्षीदार पुन्हा उभे करतात, खर्च दुप्पट.' नाही. खालच्या कोर्टाचे कागद मागवतात आणि जबाब, उलटतपासणी त्यावरूनच वाचतात. जादा पुरावा क्वचित, तोही कोर्टाला गरज वाटली तर.

'अपील टाकलं की जेल टळली.' तेही नाही. स्थगिती आणि जामिनासाठी वेगळा अर्ज लागतो. (एकाच मेसेजात आधी भीती घालायची, मग ही फुकटची हमी!)

'निकाल फिरला म्हणजे पैसे चारले.' यावर फार बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितलंय की अपिलात कोर्ट सगळा पुरावा नव्याने तोलू शकतं. तोललं की कधी पारडं फिरणारच. आणि पुराव्यातून दोन्ही निष्कर्ष पटण्याजोगे निघत असतील, तर खाली झालेली सुटका सहसा मोडायची नाही, हेही तिथेच आहे.

मावशीला कलमाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "हे खरं कशावरून?"

निकालाची नक्कल काल हातात आली. भाऊ उद्या वकीलपत्रावर सही करायला जातोय. मावशीला सांगितलेलं नाही.