कोकणातल्या ज्यूंचे सिनेगॉग ससून यांनी बांधून दिले नाहीत

'महाराष्ट्रातले ज्यू इंग्रजांबरोबर आले, ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांनी त्यांना सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) बांधून दिले आणि इस्राएल स्थापन झाल्यावर ते सगळे निघून गेले.' अशा अर्थाचा मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातली तिन्ही विधानं चुकीची आहेत. मुख्य म्हणजे त्यात बेने इस्राएल हा आपल्याच मातीतला, मराठी बोलणारा समाज पार गायब होतो, म्हणून हे सविस्तर लिहिणं भाग आहे.

पहिलं विधान: इंग्रजांबरोबर आले. कोचीनमधले डच कंपनीचे ज्यू व्यापारी एझिकेल रहाबी यांनी 1768 साली हॉलंडला एक पत्र पाठवलं. मराठी मुलखात राहणाऱ्या बेने इस्राएलांचा त्यात उल्लेख आहे: तेलाचे घाणे चालवतात, शब्बाथ म्हणजे शनिवारची धार्मिक सुट्टी पाळतात, 'शेमा' ही प्रार्थना त्यांना येते. तेव्हा अलिबाग आंग्र्यांकडे होतं, आणि तिथे इंग्रजांचा अंमल यायला अजून सत्तर वर्षं होती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ही समाजाची परंपरागत कथा बाजूला ठेवली तरी रहाबींचं पत्र पुरेसं आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक गावात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर ही आडनावं काही इंग्रज अंमलदारांनी वाटलेली नाहीत.

या काळात गावोगावी सिनेगॉग नव्हते, हे खरं. पण समाज होता. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम घरोघरी पाळले जात आणि त्यांचे काजी म्हणवले जाणारे धर्मप्रमुख गावोगाव फिरून विधी करत. आधी माणसं एकत्र असतात, इमारत पुढे येते. 'सिनेगॉग नाही म्हणजे ज्यू नाहीत' हा निष्कर्ष म्हणूनच उलटा आहे.

दुसरं विधान मला सर्वांत जास्त खटकतं. मुंबईतला पहिला सिनेगॉग, मांडवीचा 'शाअर हारहमीम' म्हणजे दयेचं द्वार, 1796 सालचा. तो उभारला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल यांनी. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले होते. डेव्हिड ससून बगदादहून निघून मुंबईत स्थिरावले ते 1830च्या दशकात! दिवेकरांच्या सिनेगॉगला तोवर पस्तीसेक वर्षं झाली होती.

इथे इंग्रजांचा संबंध आहे, तो नाकारायचं कारण नाही. फौजेत, गोदीत, बांधकामांवर काम मिळू लागलं म्हणून कोकणातली कुटुंबं मुंबईला आली, हातात पगार आला आणि वर्गणी शक्य झाली. पण नोकरी देणं वेगळं आणि सिनेगॉग बांधून देणं वेगळं. पुढे रेवदंड्यात 1842, अलिबागेत 1848, पनवेलीत 1849 आणि ठाण्यात 1879 साली सिनेगॉग उभे राहिले. मुकादम, चौगुला, गबाई असे मानकरी त्यांचा कारभार पाहत. 1846 साली हग्गादा, म्हणजे ज्यूंच्या पेसाह सणाला वाचायची पोथी, मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली.

ससून घराण्याचं काम मोठं आहे. भायखळ्याचा मागेन डेव्हिड आणि पुण्याचं लाल देऊळ (1867) त्यांचंच. पण ती बगदादहून आलेल्या ज्यूंची, म्हणजे बगदादी समाजाची प्रार्थनास्थळं, आणि दोन्ही समाजांत गोडीगुलाबी होती असंही नाही. 1836 साली बगदादी पुढाऱ्यांनी दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालावी अशी मागणी सरकारकडे केली होती. प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांच्या मिन्यानमध्ये बेने इस्राएल माणसाला धरायचं की नाही, यावरूनही अनेक वर्षं कटुता राहिली. लाल देऊळ असतानाही पुण्याच्या बेने इस्राएलांनी रास्ता पेठेत 1921 साली स्वतःचा सुक्कथ शेलोमो सिनेगॉग बांधला. सगळं श्रेय ससून यांना देताना हा अपमान आणि त्याला दिलेलं उत्तर, दोन्ही पुसलं जातं.

तिसरं विधान थोडक्यात. बहुसंख्य लोक गेले हे खरं, पण एकदम नव्हे, काही दशकांत. आणि इथल्या छळाला कंटाळून तर मुळीच नाही. मुंबई, ठाणे, पुणे आणि रायगड जिल्ह्यात आजही ज्यू राहतात. 2016 साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो रिकाम्या इमारतींना नव्हे. गेलेल्यांनीही समाज मोडला नाही. इस्राएलमध्ये रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा ते रस्त्यावर उतरले, आणि 1964 साली तिथल्या संसदेला ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद इथे त्यांनी पुन्हा आपले सिनेगॉग उभे केले आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.