‘पितांबरी’ म्हणून फिरणारा तो खडा नीलम नाही, आणि त्याच्या पाण्याने साखर उतरत नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. अर्ध्या जांभळ्या, अर्ध्या पिवळ्या खड्याचा फोटो आणि खाली मजकूर: हा ‘पितांबरी नीलम’, हिमालयात आणि सह्याद्रीत मोजक्या ठिकाणीच सापडतो, जांभळ्या भागात शनीचं तत्त्व, पिवळ्यात गुरूचं, पेशवाईत सरदारांच्या बोटात हाच असायचा, रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी सकाळी अनशापोटी घेतलं की चाळीस दिवसांत साखर उतरते, गोळ्या सुटतात, रोज दोन तास उन्हात ठेवून त्यात ‘शक्ती भरायची’, काचेवर ओरखडा उठला की माल अस्सल. शेवटी विक्रेत्याचा नंबर. कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या मावशीने हे वाचून सात रत्तीचा खडा घेतला आणि सकाळची मधुमेहाची गोळी बंद केली. एरवी असल्या फॉरवर्डला उत्तर देत बसले नसते.

आधी पाण्याचंच बोलू, कारण बाकीच्या थापांनी पैसे जातात, या थापेने माणूस जाईल. मावशीचा खडा क्वार्ट्झ आहे, गारगोटीच्या जातीचं खनिज (कशावरून, ते पुढे सांगते), म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. घरातल्या तापमानाला क्वार्ट्झ पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याला रंग देणारं लोह अत्यल्प असतं आणि तेही स्फटिकाच्या जाळीत पक्कं अडकलेलं. रात्रभर काय, वर्षभर ठेवलात तरी सकाळी पेल्यात पाणीच असणार. समजा थोडं विरघळलं असतं, तरी सिलिका किंवा लोह पोटात गेल्याने रक्तातली साखर उतरत नाही. मावशी म्हणाली, “अगं, पण मला बरं वाटतंय.” मला धास्ती वाटते ती नेमकी याचीच. गोळी सोडल्यावर साखर वाढते तेव्हा लगेच दुखत-खुपत नाही. डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंड, पायांच्या नसा हळूहळू बिघडत राहतात, आणि कळतं तेव्हा गेलेलं परत येत नसतं. तिच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावली.

आणि हे नुसतं अज्ञान म्हणून सोडून देण्यासारखं नाही. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा देशात लागू आहे. जादुई उपचारांच्या व्याख्येत ताईत, मंत्र, कवच आणि चमत्कारी शक्तीचा दावा केलेली तशी कोणतीही वस्तू येते. ज्या आजारांवर असे दावे करायला बंदी आहे त्यांच्या यादीत मधुमेह स्पष्ट लिहिलेला आहे. खाली विक्रेत्याचा नंबर असलेला मेसेज ही माझ्या मते सरळसरळ जाहिरात आहे. तो पुढे ढकलणाऱ्या काका-काकूंनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आता ‘पितांबरी नीलम’. निळा आणि पिवळा असे दोन रंग एकाच दगडात असलेला खरा नीलम असतो, श्रीलंकेतून येतो, आणि रत्नांच्या बाजारात त्याला पितांबरी म्हणतात. एवढं मेसेजमध्ये खरं आहे. पण तो कुरुंद या वेगळ्या खनिजाचा, खनिजांच्या १ ते १० या मोह्स मापावर काठिण्य ९. फोटोतला आणि मावशीने घेतलेला खडा ॲमेट्रिन आहे: क्वार्ट्झच्या एकाच स्फटिकात जांभळा ॲमेथिस्ट आणि पिवळा सिट्रिन, दुकानदारांच्या भाषेत कटेला आणि सुनेला. काठिण्य ७.

हे मी नुसतं बघून सांगत नाही. खडा अजून कोंदणात बसवलेला नव्हता, म्हणून ओळखीच्या सराफाच्या कॅरेट काट्यावर नेला. वजन ६.३६ कॅरेट. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणला आणि खडा दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडला, तळाला टेकू न देता. काटा २.४० वर थांबला, म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन तेवढं. ६.३६ भागिले २.४० म्हणजे २.६५, हीच क्वार्ट्झची घनता. नीलमची ४ असते. खडा नीलम असता तर काटा १.५९ च्या आसपास थांबला असता. सराफाने चष्मा वर करून आकडा दोनदा वाचला आणि काही न बोलता खडा परत दिला.

‘जांभळ्यात शनी, पिवळ्यात गुरू.’ ग्रह मानावेत की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण दोन्ही रंगांमागे एकच मूलद्रव्य आहे, लोह. या दगडावरचा सर्वांत भक्कम अभ्यास वास्कोन्सेलोस, वेंक आणि रॉसमन या तिघांनी १९९४ मध्ये ‘जेम्स अँड जेमॉलॉजी’ या नियतकालिकात मांडला. क्वार्ट्झच्या टोकाला तिरक्या पैलूंचे दोन संच असतात. एका संचावर वाढलेल्या भागातल्या लोहावर खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन जांभळा रंग येतो, दुसऱ्या संचावर वाढलेला भाग पिवळा राहतो. असा स्फटिक आडवा कापला तर संत्र्याच्या फोडींसारखे जांभळे-पिवळे भाग आळीपाळीने दिसतात. कारागीर त्यातली सीमा बरोबर मधोमध येईल असा चौकोनी पैलू पाडतो आणि मग तो आपल्याला अर्धा-अर्धा दिसतो. यात दोन दगड जुळलेले नसतात, दोन ‘तत्त्वं’ तर नाहीतच.

त्याच लेखात हा दगड येतो कुठून तेही आहे: बोलिव्हियाच्या सांता क्रूझ प्रांतातली आनाही खाण, ब्राझीलच्या सीमेजवळ, डोलोमाइटी चुनखडीत. व्यापारी प्रमाणावर नैसर्गिक ॲमेट्रिन देणारी महत्त्वाची खाण हीच. हिमालयाचा काही संबंध नाही. सह्याद्रीच्या बाबतीत थोडं मान्य करते. दख्खनच्या काळ्या कातळातल्या पोकळ्यांत जांभळा क्वार्ट्झ मिळतो, जळगावकडचे आत स्फटिक असलेले पोकळ गड्डे प्रसिद्ध आहेत. पण मेसेजच्या फोटोतला माल तिथला नाही. पेशवाईचं म्हणाल तर ॲमेट्रिन बाजारात दिसायला लागला तोच १९७०च्या दशकात. विषय संपला.

उन्हात ठेवून शक्ती भरणं हे तर उलटंच. ॲमेथिस्टचा जांभळा रंग दीर्घकाळ उन्हात फिका पडतो. रोज दोन तास खिडकीत ठेवलात तर ज्या रंगासाठी पैसे मोजले तोच उडायला लागेल.

काचेचा ओरखडा: क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असल्याने ओरखडा उठतो, हे खरं. पण कारखान्यात बनवलेल्या ॲमेट्रिननेही तो तसाच उठतो. रशियात १९९०च्या दशकापासून उष्ण, दाबाखालच्या द्रावणात ॲमेट्रिन वाढवतात. त्याचं काठिण्य, घनता, वक्रीभवनांक (प्रकाश किती वळवतो त्याचं माप) सगळं नैसर्गिक खड्याइतकंच. फरक ओळखायला सूक्ष्मदर्शक आणि इन्फ्रारेड वर्णपट लागतो, म्हणजे रत्नपरीक्षण प्रयोगशाळा. माझी पाण्याची चाचणीही तिथे थकते: मावशीचा खडा क्वार्ट्झ आहे हे तिने सांगितलं, तो खाणीतला की कारखान्यातला हे सांगितलं नाही.

ॲमेट्रिन दिसायला सुंदर आहे, हौस म्हणून जरूर घ्यावा. पण क्वार्ट्झच्या भावाने घ्यावा. बिलावर ‘नैसर्गिक ॲमेट्रिन, क्वार्ट्झ’ असं आणि वजन कॅरेटमध्ये लिहून मागावं. मावशीच्या बिलावर नुसतं ‘पितांबरी, ७ रत्ती’ आहे. शनिवारी आम्ही दोघी ते बिल आणि खडा घेऊन त्या दुकानात जाणार आहोत, पैसे परत मागायला.