तुमची तक्रार खरी आहे, आमची पाटी चुकली

नमस्कार दादा,

तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत, की गंगापूर रोडवरच्या आमच्या सेंटरबाहेरची 'बर्फाच्या पाण्यात बसा, इजा टाळा' ही पाटी वाचून मुलाला चार वेळा आणलंत, तरी पुढच्याच सामन्यात त्याचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, ओढला गेला. आणि शेवटच्या वेळी टबातलं पाणी नुसतंच गार होतं.

आधी पाण्याचं सांगते. थंडीत निफाडकडचा गारठा इकडे उतरला की टाकीचं पाणीच निम्मं काम करतं. मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या टाकीतून कोमट पाणी येतं, सगळी भिस्त बर्फावर. त्या शनिवारी गाडी उशिरा आली, गोणपाटातली लादी निम्मी वितळलेली. वहीत नोंद आहे: सव्वाचार वाजता १९ अंश. लागतात १० ते १५. तुम्हाला तसं सांगून परत पाठवायला हवं होतं, ते आम्ही केलं नाही. त्या दिवसाचे पैसे परत देते.

पाटीचं मात्र मला जास्त लागलं, कारण ती मीच लिहून घेतली होती. सामन्यानंतर दहा-पंधरा मिनिटं थंड पाण्यात बसलं की रक्तवाहिन्या आकसतात, पाण्याचा दाब पायांवर चहूबाजूंनी येतो आणि पुढचे एक-दोन दिवस पाय कमी आंबतात. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था; तिच्या २०१२ च्या आढाव्यात १७ छोटे अभ्यास एकत्र तपासले होते, त्यातही दुखणं कमी झालेलं दिसलं. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि स्नायू फाटायचा वाचणं वेगळं. या दुसऱ्याचं वचन आम्ही द्यायलाच नको होतं.

अजून एक. तुमचा मुलगा जिमलाही जातो का, हे आम्ही विचारलंच नाही. वजनं उचलल्यावर दर वेळी लगेच बर्फात बसलं तर ताकद आणि स्नायू कमी वाढतात, असं २०१५ च्या एका अभ्यासात आढळलंय. बर्फ सामन्यांच्या गर्दीत ठीक, रोज नको.

हॅमस्ट्रिंग वाचवायला नॉर्डिक नावाचा व्यायाम करून घ्या. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, कंबर न मोडता हळूहळू पुढे झुकायचं आणि जमेल तितका वेळ स्वतःला रोखायचं. सुरुवातीला दोन-चारच जमतात, मांडी थरथरते. सोबत फिफाचा 'इलेव्हन प्लस' वॉर्मअप, वीसेक मिनिटांचा, आठवड्यातून किमान दोनदा. मात्र सध्या यातलं काहीच नको. एकदा ओढला गेलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा जाण्याची भीती मोठी असते, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत त्याला मैदानावर सोडू नका, तो कितीही मागे लागला तरी.

त्यानंतर त्याला घेऊन या. नॉर्डिक मी स्वतः शिकवेन, त्याचे पैसे नाहीत. पाटी काल उतरवली. थर्मामीटर आता टबाच्या कडेलाच बांधलाय, आकडा तुम्ही वाचा आणि मगच त्याला पाण्यात उतरू द्या.